रूट कॅनाल कोणी करावे? ऑस्ट्रेलियातील दंततज्ज्ञांची भूमिका

दाढ ठणकू लागली की माणसाला दुसरे काही सुचत नाही. रात्री आडवे होताच वेदना वाढते, गरम चहाचा घोट नकोसा होतो आणि सकाळी जो दवाखाना आधी वेळ देईल तो गाठला जातो. ‘रूट कॅनाल करावे लागेल’ एवढे तेथे ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात दोनच प्रश्न येतात : दुखेल का आणि खर्च किती येईल? तिसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. या दाताचे काम नेहमीच्या दंतवैद्याने करावे की तज्ज्ञाने? दात वाचवण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्याच उपचारात असते. म्हणून हा प्रश्न दात उघडण्यापूर्वी विचारायला हवा. ऑस्ट्रेलियात त्याचे उत्तर शोधण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. भारतातून येथे आलेल्या अनेक कुटुंबांना मात्र या व्यवस्थेची पुरेशी ओळख नसते.

दाताच्या आत काय असते?

दाताचे बाहेरील कठीण कवच म्हणजे दंतवल्क, अर्थात इनॅमल. त्याच्या आत दंतिन आणि दंतिनच्या गाभ्यात एक पोकळी असते. या पोकळीतील मऊ भागाला दंतमज्जा किंवा पल्प म्हणतात. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या या भागालाच बोलीभाषेत आपण ‘दाताची नस’ म्हणतो. ही दंतमज्जा दाताच्या मुळांतील बारीक नलिकांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाशी जबड्याच्या हाडाला भिडते.

कीड खोल गेली, दाताला तडा गेला किंवा मार बसला की जिवाणू दंतमज्जेपर्यंत पोचतात. भोवतालच्या कठीण भिंतींमुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही; वेदना इतकी असह्य असते ती यामुळे. काही दिवसांनी दंतमज्जा मृत होते आणि ठणका एकाएकी थांबतो. ‘आपोआप बरे झाले’ असे समजून रुग्ण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात जिवाणू मृत नलिकेत तळ ठोकून असतात आणि मुळाच्या टोकाशी हाड झिजू लागते.

या साऱ्याच्या मुळाशी जिवाणू आहेत, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची दंतमज्जा उघडी पाडली, तरी ती भरून आली. सामान्य वातावरणातील उंदरांची दंतमज्जा मात्र सडली. रूट कॅनालचे सारे शास्त्र या निष्कर्षाभोवती फिरते : जिवाणू बाहेर काढायचे आणि त्यांना पुन्हा आत येऊ द्यायचे नाही.

हे ऐकायला सोपे, करायला अवघड आहे, कारण नलिकांची रचना प्रत्येक दातागणिक वेगळी असते. वरच्या पटाशीच्या दाताला बहुधा एकच नलिका असते. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन, तर खालच्या पहिल्या दाढेला तीन किंवा चार असतात. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असली तरी नलिका अनेकदा चार असतात. ही चौथी नलिका इतकी अरुंद असते की साध्या डोळ्यांनी ती सहज निसटते. निसटलेली नलिका हे उपचार फसण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

उपचाराचे टप्पे

प्रथम क्ष-किरण चित्र काढून आणि दाताला थंड स्पर्श देऊन, हलकेच ठोकून निदान केले जाते. भूल दिल्यानंतर दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. ‘रबर डॅम’ नावाचा हा पडदा १८६४ साली न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी वापरात आणला. लाळेतील जिवाणू दातात जाऊ नयेत आणि बारीक उपकरणे वा औषधी द्रव घशात उतरू नयेत, हे त्याचे काम. हा पडदा न लावता रूट कॅनाल होत असेल, तर रुग्णाने कारण विचारण्यास संकोच करू नये.

यानंतर दात वरून उघडून नलिकांची तोंडे शोधली जातात. इलेक्ट्रॉनिक यंत्राने आणि क्ष-किरण चित्राने प्रत्येक नलिकेची लांबी मोजली जाते. मग पोलादाच्या आणि निकेल-टायटॅनियमच्या लवचीक सुयांनी, म्हणजे फाइल्सनी, नलिका साफ करून रुंदावतात. फाइल सर्वत्र पोचत नाही. तेथील जिवाणू मारण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने नलिका वारंवार धुतात. उपचार एकाहून अधिक भेटींत होणार असेल, तर मधल्या काळात आत औषध ठेवून तात्पुरते फिलिंग करतात.

शेवटी नलिका गटापर्चाने बंद केल्या जातात. गटापर्चा हा मलाया द्वीपकल्पाच्या परिसरातील झाडांचा चीक. ऑस्ट्रेलियाला तारायंत्राने उर्वरित जगाशी जोडण्यासाठी १८७१ मध्ये जावा ते डार्विन अशी समुद्री तार टाकली गेली, तेव्हा तिच्यावरही याच चिकाचे आवरण होते. पाणी आत शिरू न देणारा हा पदार्थ आज दाताच्या मुळात तेच काम करतो.

येथे उपचार संपत नाही. चावण्याचा भार सोसणाऱ्या मागच्या दाढांवर बहुतेक वेळा कॅप बसवावी लागते. रूट कॅनाल उत्तम झाले, पण कॅप वर्षभर लांबणीवर पडली आणि दाढ उभी चिरली, असे प्रसंग दंतवैद्यांना नवीन नाहीत.

‘तज्ज्ञ’ हा शब्द कोणी वापरावा?

दंतमज्जा आणि मुळाच्या टोकाभोवतीचे विकार हा विषय म्हणजे एन्डोडॉन्टिक्स, आणि त्यातील तज्ज्ञ म्हणजे एन्डोडॉन्टिस्ट. ही स्वतंत्र शाखा मानली जायला बराच काळ जावा लागला. १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने सदोष दंतोपचारांमागे लपलेल्या जंतुसंसर्गावर कडक टीका केली. त्यानंतर कित्येक दशके वाचू शकणारे दातही शंकेपोटी उपटले गेले. क्ष-किरण आणि जीवाणुशास्त्र यांच्या आधारे ही भीती हळूहळू ओसरली, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत एन्डोडॉन्टिक्सला विशेष शाखेची मान्यता मिळाली.

ऑस्ट्रेलियात २०१० पासून आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी राष्ट्रीय पातळीवर होते. दंतवैद्यांसाठी ‘डेंटल बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलिया’ नियम ठरवते आणि ‘आप्रा’ ही संस्था नोंदणीचे काम पाहते. बोर्डाने दंतवैद्यकाच्या १३ विशेष शाखांना मान्यता दिली आहे; एन्डोडॉन्टिक्स ही त्यांपैकी एक. या शाखेत येण्यासाठी दंतवैद्यकाची पदवी, त्यानंतर किमान दोन वर्षांचा सर्वसाधारण व्यवसायाचा अनुभव आणि मग सहसा तीन वर्षांचे पूर्णवेळ विद्यापीठीय प्रशिक्षण लागते.

‘स्पेशालिस्ट’ ही उपाधी येथे कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसताना ती लावणाऱ्यास जुलै २०१९ पासून ६०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘रूट कॅनालमध्ये विशेष रस’ अशी जाहिरात करणारा दंतवैद्य कुशल असेलही, पण तेवढ्याने तो तज्ज्ञ ठरत नाही. खात्री करून घेणे सोपे आहे : आप्राच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक नोंदवहीत नाव टाकले की नोंदणीचा प्रकार, विशेष शाखा आणि काही अटी लादल्या असल्यास त्याही विनामूल्य दिसतात.

भारतात या विषयात एम.डी.एस. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी मिळते. मात्र तिच्यामुळे ऑस्ट्रेलियात तज्ज्ञ म्हणून आपोआप नोंदणी होत नाही. पात्रतेचे स्वतंत्र मूल्यमापन होते. भारतात शिकलेल्या सर्वसाधारण दंतवैद्यांनाही येथे ऑस्ट्रेलियन डेंटल कौन्सिलच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्याव्या लागतात. त्यामुळे पुण्यात वा नागपुरात एन्डोडॉन्टिस्ट म्हणून काम केलेली व्यक्ती मेलबर्नमध्ये सर्वसाधारण दंतवैद्य म्हणून नोंदलेली असू शकते. तिचे ज्ञान त्यामुळे उणे होत नाही. फक्त नोंदवहीचा अर्थ नीट समजून घ्यावा.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

प्रत्येक रूट कॅनालसाठी तज्ज्ञ लागत नाही. ऑस्ट्रेलियातील बहुतांश रूट कॅनाल सर्वसाधारण दंतवैद्यच करतात आणि सरळ, रुंद नलिका असलेल्या दातांत त्यांचे काम उत्तम टिकते. अमेरिकेतील एन्डोडॉन्टिस्टांच्या संघटनेने दातांची कमी, मध्यम आणि अधिक अवघड अशी तीन गटांत विभागणी करणारी पद्धत तयार केली आहे. तिच्यामागील विचार सर्वत्र लागू पडतो : दाताची अवघडता आणि वैद्याचा अनुभव यांचा मेळ बसला पाहिजे. पुढील परिस्थितीत तज्ज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

– मुळे फार वाकडी असणे, किंवा वयोमानामुळे वा जुन्या फिलिंगमुळे नलिका जवळपास बंद झालेल्या असणे.
– पूर्वी रूट कॅनाल झालेल्या दातात पुन्हा दुखणे किंवा सूज येणे.
– नलिकेत उपकरणाचा तुकडा अडकणे किंवा मुळाला छिद्र पडणे.
– दाताला मार बसणे, विशेषतः मुलांच्या अजून पूर्ण न वाढलेल्या मुळांना.
– वेदना स्पष्ट आहे, पण ती कोणत्या दाताची हे ठरत नाही, अशी अवस्था.
– दात काढणेच धोक्याचे असणे. उदाहरणार्थ, जबड्याला किरणोपचार झालेले रुग्ण किंवा हाडांच्या ठिसूळपणावर विशिष्ट इंजेक्शने घेणारे वयस्कर आईवडील.

तज्ज्ञाच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतो. दातातील सूक्ष्म तडा आणि लपलेली नलिका त्याखाली दिसू शकतात. गरजेनुसार कोन-बीम सीटी हे त्रिमितीय क्ष-किरण चित्रही काढले जाते. मात्र साधनांपेक्षा मोलाचा असतो तो अनुभव; एकाच प्रकारचे काम दिवसेंदिवस करणाऱ्याच्या हाताला जे कळते, ते यंत्राला कळत नाही.

पहिला उपचार फसला असेल तर तज्ज्ञ जुना गटापर्चा काढून नलिका पुन्हा साफ करतो. तेही शक्य नसेल, तर हिरडी उघडून मुळाचे रोगट टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया करतो. तिला एपिसेक्टॉमी म्हणतात. दोन्ही मार्ग उपयुक्त आहेत, पण पहिल्या उपचारापेक्षा खर्चीक आणि किचकट.

तज्ज्ञाचे आणखी एक काम असते. तडा मुळापर्यंत गेला असेल किंवा कॅपला आधार देण्याइतका दात उरलाच नसेल, तर ‘हा दात वाचणार नाही’ असे त्याने स्पष्ट सांगायला हवे. हे ऐकून वाईट वाटते. परंतु न वाचणाऱ्या दातावर होणारा मोठा खर्च त्यामुळे टळतो.

इतर तज्ज्ञांचा वाटा

एक दात वाचवताना कधी कधी अनेक तज्ज्ञांची गरज पडते. हिरडी आणि हाड यांच्या आजारामुळे दात हलत असेल, तर पेरिओडॉन्टिस्टचे मत लागते. फार कमी उरलेल्या दातावर कॅप उभी करायची असेल, तर प्रोस्थोडॉन्टिस्ट मदत करतो. मुलांच्या दातांसाठी बालदंततज्ज्ञ असतात. सीटी चित्राचे वाचन दंत व जबडा क्ष-किरणतज्ज्ञ करू शकतो. पू जबड्यात आणि मानेत पसरला असेल, तर मुख व जबडा शल्यविशारदाकडे जावे लागते. ऑस्ट्रेलियात या शाखेसाठी दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या आवश्यक असतात.

काही वेळा दुखणे दाताचे नसतेच. वरच्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील सायनसच्या अगदी जवळ असतात; त्यामुळे सायनसच्या सुजेचे दुखणे दाढेचे वाटते. चेहऱ्याच्या मज्जातंतूची कळही दातात जाणवते. अशा वेळी मुखवैद्यक म्हणजे ओरल मेडिसिनचा तज्ज्ञ निदान करतो आणि चांगल्या दाताचे विनाकारण होणारे रूट कॅनाल टळते.

खर्चाचे गणित

ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर योजना प्रौढांच्या नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च उचलत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबांना हे बहुधा पहिल्या बिलाच्या वेळीच कळते. मागच्या दाढेचे रूट कॅनाल आणि कॅप मिळून खर्च काही हजार डॉलरच्या घरात जाऊ शकतो. तज्ज्ञाचे शुल्क सर्वसाधारण दंतवैद्यापेक्षा सहसा जास्त असते.

बिल समजून घेण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑस्ट्रेलियन डेंटल असोसिएशनच्या सूचीत प्रत्येक कामाला क्रमांक असतो आणि रूट कॅनालची आकारणी नलिकेप्रमाणे होते. ४१५ म्हणजे पहिली नलिका साफ करणे, ४१६ म्हणजे प्रत्येक अधिक नलिका. ४१७ आणि ४१८ हे त्याच क्रमाने नलिका भरण्याचे क्रमांक. वेदना थांबवण्यासाठी तातडीने केलेल्या कामाचा क्रमांक ४१९. म्हणूनच पटाशीच्या दातापेक्षा चार नलिकांच्या दाढेचे बिल मोठे असते. उपचारापूर्वी हे क्रमांक असलेला लेखी अंदाज मागावा आणि तो विमा कंपनीला दाखवून परतावा किती मिळेल ते विचारावे.

खासगी विम्यात दंतोपचार ‘एक्स्ट्रॉज’ या भागात येतात. रूट कॅनाल आणि कॅप यांसाठी अनेकदा १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आणि वार्षिक मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या मूळ आरोग्य विम्यात दंतोपचार सहसा धरलेले नसतात. हेल्थ केअर कार्ड किंवा पेन्शनर कार्ड असलेल्यांना राज्यांच्या सार्वजनिक दंतसेवेत उपचार मिळू शकतात. मेलबर्नचे रॉयल डेंटल हॉस्पिटल, सिडनीतील वेस्टमीड येथील मुखारोग्य केंद्र अशा संस्थांत तज्ज्ञसेवाही असते, मात्र प्रतीक्षायादी लांब असू शकते. पात्र कुटुंबांतील १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘चाइल्ड डेंटल बेनिफिट्स शेड्यूल’ ही योजना आहे. तिच्यात रूट कॅनालचाही समावेश होतो.

भारतभेटीपर्यंत थांबावे का?

‘डिसेंबरात गावी जाणारच आहोत, तेव्हा करून घेऊ’ हा विचार मराठी घरांत सर्रास ऐकू येतो आणि त्यामागील आर्थिक कारण खरे आहे. भारतात उत्तम एन्डोडॉन्टिस्ट आहेत, यातही शंका नाही. अडचण असते ती वेळेची. संसर्ग झालेला दात चार महिने वाट पाहत नाही. कीड वाढते, दात तुटतो आणि वाचण्याजोगा दात काढण्याजोगा होतो. शिवाय तीन आठवड्यांच्या सुट्टीत उपचार, कॅप आणि नंतरची तपासणी हे सारे बसवणे कठीण जाते.

तरीही तसा निर्णय घेतला, तर काही पथ्ये पाळावीत. येथेच निदान करून घ्यावे आणि गरज असल्यास संसर्ग आटोक्यात आणणारा पहिला टप्पा पूर्ण करावा. तात्पुरते फिलिंग किती दिवस टिकेल ते विचारावे. ते महिनोन्महिने ठेवण्यासाठी नसते. तेथे पोचताच पहिल्या आठवड्यात वेळ घ्यावी. परतताना क्ष-किरण चित्रे, किती नलिका सापडल्या आणि भरल्या याची नोंद आणि कॅपच्या धातूची वा पदार्थाची माहिती सोबत आणावी. मुळाच्या टोकाचे हाड भरून येण्यास वेळ लागतो. म्हणून वर्षभराच्या आत येथे तपासणीचे क्ष-किरण चित्र काढावे.

भारतातून आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांवर दिवस काढणे मात्र टाळावे. दंतमज्जेच्या सुजेवर प्रतिजैविके उपयोगी पडत नाहीत आणि मृत नलिकेत रक्तपुरवठाच नसल्याने औषध तेथे पोचत नाही. चेहरा सुजणे, ताप, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास ही लक्षणे दिसली, तर दंतवैद्याच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. श्वासाला अडथळा होत असेल तर ००० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

विचारण्याजोगे पाच प्रश्न

खुर्चीत बसल्यावर प्रश्न सुचत नाहीत. म्हणून ते आधीच लिहून न्यावेत. हा दात किती अवघड आहे? अशी दाढ आपण नेहमी करता का? रबर डॅम लावणार का? दात वाचण्याची शक्यता किती आणि नाही वाचला तर पर्याय कोणते? हा आपला स्वतःचा दात असता तर आपण तज्ज्ञाकडे गेला असता का? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट, आपली मर्यादा ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे हा ऑस्ट्रेलियात व्यावसायिक कर्तव्याचाच भाग मानला जातो. अनेक एन्डोडॉन्टिस्ट चिठ्ठीशिवायही रुग्ण तपासतात. मात्र दंतवैद्याची चिठ्ठी आणि जुनी क्ष-किरण चित्रे सोबत असल्यास वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

एन्डोडॉन्टिस्ट प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. सिडनी, मेलबर्न, पर्थ येथे राहणाऱ्यांना ते सहज भेटतात. दूरच्या खाणगावांत वा शेतीप्रधान भागांत राहणाऱ्यांना शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी स्थानिक दंतवैद्याने वेदना थांबवावी, तज्ज्ञाशी विचारविनिमय करावा आणि अवघड दातासाठीच रुग्णाला शहरात पाठवावे, हा व्यवहार्य मार्ग आहे.

योग्य रीतीने रूट कॅनाल झालेल्या दहा दातांपैकी साधारण आठ ते नऊ दात अनेक वर्षे टिकतात, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसते. उरलेल्या एका-दोघांत आपला दात नसावा, यासाठी रुग्णाच्या हाती फार थोड्या गोष्टी असतात : वेळेवर जाणे, योग्य व्यक्ती निवडणे आणि कॅप लांबणीवर न टाकणे. त्या तिन्ही केल्यास आपली दाढ आपल्याच तोंडात राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.